पिवळ्या आभाळातला अंगठा

प्रिय ईशान आणि रेवा,

गेल्या महिन्यात मी तुम्हाला एका फोटोचा फोटो पाठवला होता. जेऊरजवळच्या एका घराच्या भिंतीवर टांगलेला, हाताच्या पंजाएवढा, पिवळा आणि काळा. दुसऱ्याच दिवशी ईशानचं उत्तर आलं : "आज्जी, फोटो उलटा लागला होता, सरळ केला. आणि त्यावर कुणाचा तरी अंगठा उठला होता, तोही काढून टाकला. आता बघ!"

काम सुरेख केलं होतंस, ईशान. ठसा कुठे होता ते मला भिंग लावूनही सापडलं नाही. मी "छान" एवढंच लिहिलं आणि पुढचे दोन दिवस मला चैन पडलं नाही. तू केलेल्या दोन्ही दुरुस्त्या चुकीच्या होत्या. पण त्या का चुकीच्या, हे फोनवर सांगता आलं नसतं. त्याच सुमारास इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी "स्टुडिओतल्या दिवसांबद्दल लिहा" असा आग्रह धरला. मी त्यांना म्हटलं, मला नातवंडांना एक पत्र लिहायचं आहे, तेच तुम्हाला चालेल का? ते चालेल म्हणाले. तेव्हा हे तुमच्यासाठी आहे. अंक वाचणाऱ्यांनी शेजारी बसून ऐकावं.

आमचा स्टुडिओ सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे आजोबा अंधाऱ्या खोलीत असत आणि मी कॅमेऱ्यामागे. लग्नाचे फोटो, शाळेचे ग्रुप, आणि सगळ्यात जास्त 'अर्जंट'. अर्जंट म्हणजे कुणाची तरी गाडी दोन तासांनी आहे आणि अर्जावर लावायला फोटोच नाही. त्यासाठी आमच्याकडे चार भिंगांचा एक कॅमेरा होता. एकदा खटका दाबला की एकाच कागदावर चार चेहरे. कागद ओढून बाहेर काढायचा, घड्याळ लावून थांबायचं आणि मग केळ्याची साल काढावी तसा वरचा थर सोलायचा. खाली फोटो तयार.

या थांबण्याच्या वेळात माणसांची परीक्षा होई. आखातात कामाला निघालेले एक चाचा आठवतात. मी सोललेला फोटो त्यांच्या हातात दिला, तर ते तो पंख्यासारखा हलवू लागले. मी म्हटलं, "चाचा, ओला आहे, हलवू नका."

"हलाए तो जल्दी सुकता बोलते ना, आपा?"

"कोण बोलतं?"

"सबीच बोलते."

हलवता हलवता फोटो त्यांच्याच सदऱ्याला चिकटला. सदऱ्यावर चार चाचा आणि कागदावर एकही नाही. आम्ही दोघंही हसलो आणि मी पुन्हा कॅमेरा भरला. त्या दिवसापासून मी ओला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात देणं बंद केलं. "हात लावू नका" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेन की झोपेतही म्हणत असे, असं तुमचे आजोबा सांगत.

ते गेल्यावर काही वर्षं मी एकटीने स्टुडिओ चालवला. मग मोबाइल आले, अर्जंट माणसं येईनाशी झाली आणि मी शटर ओढलं. त्याच वर्षी तुमच्या आईने तिकडून मला एक खोकं पाठवलं. आत नव्या जमान्याचा इन्स्टंट कॅमेरा आणि रंगीत फिल्मचे चार डबे. रंगीत म्हणजे सगळे रंग असलेली नव्हे, एकाच रंगात बुडवलेली. साध्या काळ्या-पांढऱ्या फोटोत जिथे पांढरं असतं, तिथे हिच्यात पिवळं किंवा लाल किंवा निळं किंवा हिरवं येतं. पांढरा रंग तिला माहीतच नाही. एका डब्यात आठ फोटो. प्रत्येक फोटो एकुलता एक, कारण निगेटिव्ह नसते. फोटोच्या खालच्या जाड पट्टीत रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर पडताना दोन रुळांमधून दाबला जातो, पुडी फुटते, लेप पसरतो आणि दहाएक मिनिटांत चित्र वर येतं. त्या दहा मिनिटांत तिला तीन गोष्टी सोसत नाहीत : ऊन, उष्णता आणि दाब.

आता तुम्हीच सांगा, सोलापूरच्या मे महिन्यात यातल्या पहिल्या दोन कुठे टाळायच्या? पहिला डबा मी रिक्षात पायाशी ठेवला होता. आठही फोटो नारिंगी आणि कडेला वितळल्यासारखे निघाले. मग मी रीत बसवली. फिल्म फ्रिजमध्ये विरजणाशेजारी. निघताना ती स्टीलच्या डब्यात, डब्याभोवती पिळलेला सोलापुरी टॉवेल, त्यावर कोरडा दुसरा. फोटो निघाला की तो लगेच कोरड्या कापडाच्या घडीत पालथा. आणि सोबत नोंदवही : क्रमांक, वेळ, तापमान, फिल्मचा रंग, निकाल. रकाने इंग्रजीत, कारण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं वळण हातातून जात नाही.

साठी उलटल्यावर मी पहिल्यांदा माणसांखेरीज काहीतरी टिपत होते. जन्मभर चेहरे पाहिले होते, आता माळ पाहू लागले. लाल फिल्मवर हिप्परग्याचा तलाव काढला, तर तो खाटकाच्या मोरीसारखा दिसला. हिरव्यावर नान्नजचा माळ काढला, तर भर उन्हाळ्यात पाऊस होऊन गेल्यासारखा, देखणा पण खोटा. निळ्यावर गिरणीची चिमणी बरी आली. पिवळा मात्र आमच्या मुलखाचाच निघाला. उन्हाळ्यात दुपारी इथलं आभाळ निळं नसतंच. धूळ, ऊन आणि वाळलेलं गवत यांचा मिळून एकच रंग होतो. पण पिवळ्याची एक अडचण होती. आभाळ, पाणी आणि माती यांतला फरक तो पुसून टाकतो. मध्ये एखादी काळी रेघ असेल तेवढाच डोळ्याला आधार. मला तीच अडचण आवडू लागली होती.

म्हणून मी जेऊरला गेले. उजनीचं पाणी त्या उन्हाळ्यात फार मागे हटलं होतं. धरणाखाली गेलेल्या एका जुन्या गावाच्या पायऱ्या, विहिरीचा काठ, बांध असं सगळं उघडं पडलं होतं. मी सकाळच्या पॅसेंजरने उतरले, स्टेशनवरून रिक्षा केली आणि टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन त्या भेगाळलेल्या तळात चालू लागले. अकरा वाजेपर्यंत सात फोटो झाले होते. सातही जमिनीवरच्या भेगांचे. मी खूश होते. आठवा मला एका वाळलेल्या बाभळीच्या खोडाचा हवा होता : खाली काळा चिखल, वर नुसतं पिवळं आभाळ आणि मध्ये ते खोड.

तिथेच सोजरबाई भेटल्या.

माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. डोक्यावर पदर, पायात टायरच्या चपला, हातात पितळी डबी. त्या त्याच खोडाकडे चालल्या होत्या. मला पाहून थांबल्या.

"फोटूवाल्या बाई हायसा व्हय तुमी?"

"होते. आता हौसेने काढते."

"मग हौसंनं एक माजाबी काढा की."

"तुमचा?"

"माजा न्हाय. ह्या जागंचा." त्यांनी खोडाच्या बुंध्याकडे बोट केलं. "ह्या बाभळीच्या मुळाशी माजं पयलं लेकरू हाय. अकरा दिसांचं. दुसऱ्या दिशी बारसं हुतं. मी एकटी हुते घरात. मांडीवर घिऊन पाजत हुते आन माझ्या हातातच गेलं. फुडल्या साली पानी आलं, आमाला वर गावठानात घरं दिली. पानी उतरलं की येते. ह्या खेपंला लई वर्सांनी दिसली जागा. पुन्यांदा दिसंल का न्हाय कुनाला ठावं. एवढा एक फोटू असला म्हंजी झालं."

तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. त्या बाळाचं नाव नव्हतं आणि फोटोही नव्हता. ती बाभळीची जागा एवढीच त्याची खूण, आणि ती बहुतेक वर्षं पाण्याखाली.

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, "माझ्याकडे एकच राहिला आहे."

"मला एकच लागतोय की."

मी काढला. खरं सांगते, मला हवा होता तसाच काढला. खोड मध्ये, चिखल खाली, आभाळ वर. सोजरबाईंनी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, बाजूला झाल्या आणि मी खटका दाबला. फोटो घरघरत बाहेर आला. मी तो कापडाच्या घडीत पालथा सारला आणि त्यांना सांगितलं, दहा मिनिटं. मग मांडीवर नोंदवही उघडून लिहायला बसले. तापमान बेचाळीस, आठ नंबर, पिवळा.

तीनेक मिनिटांनी मी घडी उघडून पाहिली. माझी सावली वर धरून डाव्या हातात फोटो घेतला. अजून काहीच आलं नव्हतं, नुसता फिका पिवळट चौकोन. मी पुन्हा वहीत पाहत लिहू लागले. सोजरबाई शेजारी येऊन उकिडव्या बसल्या होत्या.

"ह्येच्यात जमीन कुटल्या अंगाला हाय?" त्यांनी विचारलं.

मी वर न पाहता म्हटलं, "खाली."

आपल्याकडे घरात नवी वस्तू आली, नवी वही आली, गाडी आली, तर आधी तिला हळदीचं बोट लागतं. देवाचा किंवा गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर लागतंच. सोजरबाईंनी डबीत अंगठा बुडवला आणि त्या कोऱ्या चौकोनाच्या खालच्या भागावर, जिथे त्यांचं मूल होतं तिथे, जोरात टेकवला.

मी ओरडले. चाळीस वर्षांचं वाक्य तोंडातून निघालं. "हात लावू नका! बिघडवलंत सगळं!"

त्या मागे सरकल्या. अंगठा पदराला पुसत राहिल्या. मी वरची हळद टिपली, पण दाब आत गेला होता. लेप हलला होता. पुढच्या पाचसात मिनिटांत आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर चित्र वर आलं : काळा चिखल, खोड, पिवळं आभाळ. आणि खोडाच्याही वर, आभाळात, फिकट, गडद कडांचा अंगठा. रेघा मोजता याव्यात इतका स्पष्ट.

आभाळात. त्यांनी तर खाली लावला होता.

मला त्याच क्षणी कळलं. फोटोची जाड पट्टी खालच्या बाजूला यायला हवी. माझ्या हातात ती वर होती. घडीतून काढताना मी फोटो उलटा धरला होता आणि तसाच धरून "खाली" म्हणाले होते. नवशिक्याने करू नये अशी चूक. सोजरबाईंना पट्टीचं काय माहीत? त्यांनी विचारलं तेवढं बरोबर विचारलं होतं.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "असू दे. हा बाद झाला. पुढच्या उन्हाळ्यात येऊन चांगला काढून देते." त्यांच्या मुलाचा, दत्ताचा, फोन नंबर लिहून घेतला, फोटो डब्यात ठेवला आणि दुपारची गाडी पकडली. नोंदवहीत आठ नंबरपुढे निकालाच्या रकान्यात लिहिलं : बाद. कारण : बाईंनी हात लावला.

घरी आल्यावर फोटो टेबलावर ठेवला आणि पाहतच राहिले. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला माळाचा फोटो होता. बाद कसला! अंगठ्यासकट चांगला, किंवा अंगठ्यामुळेच. इथल्या वाचनालयाच्या सभागृहात आम्ही काही हौशी लोकांनी एक छोटं प्रदर्शन भरवलं, त्यात मी तो मध्यभागी लावला. लोक थांबून पाहायचे. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी विचारलं, "मॅडम, आभाळात अंगठ्याचा ठसा उमटवण्याची कल्पना कशी सुचली?"

मी नुसती हसले. फोटोग्राफरला असं हसता येतं.

पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि उजनी भरलेली राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. उन्हाळ्यात दत्ताचा फोन यायचा. "मावशी, आई इचारतीया, येताय न्हवं? पानी काय उतरंना, पर तुमी येऊन बगा म्हनती." मी म्हणायची, पाणी उतरलं की येते. फोटो माझ्या कपाटात होता, पाणी उतरण्याची वाट पाहायचं कारण नव्हतं. पण तो द्यायचा म्हणजे खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगायचं तर प्रदर्शनातल्या हसण्यापर्यंत सगळंच सांगावं लागणार. सगळ्या गोष्टी रकान्यात लिहिणाऱ्या बाईला हे एक लिहिता येत नव्हतं.

यंदा दत्ताचा फोन आला तेव्हा त्याने वेगळंच सांगितलं. "मावशी, आई आता फोटूचं काडीत न्हाय. तिनं धाकट्या सुनेच्या बाळालाबी घेतलं न्हाय अजून. दोन म्हैन्याचं झालं. म्हनती, माझ्या हातात नको."

मी दुसऱ्या दिवशीची गाडी धरली.

सोजरबाई ओसरीत ज्वारी निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितलं. आत बाळ रडत होतं, त्या तिकडे पाहत नव्हत्या. मी पिशवीतून फोटो काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"बाद झाला म्हनला हुता न्हवं?"

"बाद नव्हता. मी खोटं बोलले. आणि तुमच्या हाताने बिघडला नाही, माझ्या हाताने. मी फोटो उलटा धरला होता, सोजरबाई. ही जाड पट्टी खाली हवी. तुम्ही जमीन कुठे विचारलंत, मी न बघता सांगितलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. वाकून फोटोतला ठसा पाहिला.

"म्हंजी मी जमिनीलाच लावलं हुतं."

"हो. बरोबर जागी लावलं होतं."

"आन तुमाला ह्ये कवा कळलं?"

"त्याच वेळी. तिथेच."

दत्ता दारात उभा होता, तो आत निघून गेला. सोजरबाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तीन वर्सं मी म्हनतीया, माझ्या हातातच कायतरी वंगाळ हाय. तवा लेकरू गेलं ते ह्याच हातात. फोटूबी ह्याच हातानं नासला. सुनंचं बाळ घ्याया गेले की हात मागं येतुया."

मी हात जोडले. मग प्रदर्शनाचं सांगितलं, प्राध्यापकांचं सांगितलं, माझ्या हसण्याचंही.

"शिकल्याली मानसं तुमी," त्या म्हणाल्या, "आन सादं 'माजं चुकलं' म्हनाया तीन वर्सं लागली व्हय?"

"लागली."

त्यांनी फोटो उचलला. पदराने पुसला. आणि दोन्ही हातांनी धरून सावकाश उलटा केला, जाड पट्टी वर. काळा चिखल आता वरच्या अंगाला गेला, दूरच्या काठासारखा. पिवळं आभाळ खाली आलं, भरल्या पाण्यासारखं सपाट. बाभळीचं खोड त्या पाण्यात पडलेल्या सावलीसारखं खाली लोंबत होतं, आणि त्याच्याही खाली, तळाशी, अंगठा.

"ह्ये बगा," सोजरबाई म्हणाल्या. "पानी भरलंय. आन ह्यो तळाला हाय. आता आसंच हाय की तितं."

मी इतकी वर्षं फोटो पाहत आले, मला ते दिसलं नव्हतं.

"दत्ता, खिळा आन," त्या म्हणाल्या. आतून सून बाळाला घेऊन ओसरीत आली होती. खिळा ठोकायला दोन्ही हात लागतात म्हणून फोटो आईच्याच एका हातात राहिला, आणि सुनेने, कुणी काही न सांगता, बाळ सासूच्या दुसऱ्या हातावर ठेवलं. सोजरबाईंचा हात मागे आला नाही. एका हातावर बाळ आणि एका हातात फोटो घेऊन त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

फोटो खिळ्यावर चढला. जाड पट्टी वर, आभाळ खाली. ईशान, माझे हात आपोआप पुढे झाले होते. जन्मभर मी लोकांच्या माना सरळ केल्या, कॉलर सरळ केल्या, फ्रेमा सरळ केल्या. मी हात पाठीमागे बांधून घेतले.

तोच फोटो मी मोबाइलवर टिपून तुम्हाला पाठवला. त्या संध्याकाळी घरी येऊन नोंदवहीत आठ नंबरपुढचा शेरा खोडला आणि खरं कारण लिहिलं. निकालाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. तू पाठवलेला सरळ, स्वच्छ फोटो मी पुसला आहे, रागावू नकोस.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा सोजरबाई बाळाला खांद्यावर थोपटत भिंतीकडे मान वाकडी करून पाहत होत्या.

"बाई, तुमी जानकार हायसा. नीट बगून सांगा. सरळ लागलाय न्हवं?"

मी या वेळी नीट पाहिलं. मग सांगितलं, "सरळ आहे."